चार किल्ले, दोन किनारे, चहा-नाश्त्यासह

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेइतका आशावादी वाङ्मयप्रकार मराठीत दुसरा नसेल. लग्नपत्रिका तिच्या जवळपास येते, पण लग्नपत्रिकेत निदान मुलीचं नाव तरी खरं असतं. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर जो कागद लागला होता त्यात 'मार्गदर्शकासह एकदिवसीय जलदुर्ग-दर्शन' या मथळ्याखाली कुलाबा, रेवदंडा, कोर्लई आणि जंजिरा असे चार किल्ले, अलिबाग व काशीद असे दोन समुद्रकिनारे, नाश्ता, दोन वेळा चहा आणि शाकाहारी भोजन (मासळी स्वखर्चाने) असा ऐवज होता. सकाळी सहाला ठाण्याहून प्रयाण, रात्री दहाला परत. ज्या टापूत शिवाजी महाराज, संभाजी महाराज, मोरोपंत पिंगळे, कान्होजी आंग्रे, चिमाजी आप्पा अशा एकाहून एक माणसांची मिळून पाऊणशे-ऐंशी वर्षं गेली, तो टापू आम्ही सोळा तासांत उरकणार होतो. तोसुद्धा जेवणाची एक तासाची सुट्टी धरून.

बसमध्ये अडतीस माणसं होती. त्यातल्या दोघांचीच ओळख करून देतो. एक म्हणजे आमच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटरकाका. ह्यांनी उभा जन्म सरकारी खात्यांच्या वह्या तपासल्या, आणि आता सोसायटीच्या तपासतात. दुसरा चौथीतला एक मुलगा. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास असतो आणि तो त्या वयात माणसाला संपूर्ण पाठ असतो. पुढे पाचवीत इतर राजे येतात आणि गोंधळ सुरू होतो.

कुलाब्याचा किल्ला अलिबागच्या समुद्रात आहे, आणि ओहोटीच्या वेळी तिथे चालत जाता येतं. हे वाक्य कार्यक्रमपत्रिकेत नुसतंच 'चालत जाता येतं' असं छापलं होतं. आता समुद्राचं असं आहे की तो रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येतो आणि तितक्याच उशिराने जातो. कोकणातला माणूस तिथीवरून हा हिशेब बोटांवर करतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. छापील वेळापत्रकाला तिथीचं काय? आम्ही पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं आणि घोडागाडीवाले आमच्याकडे, उपवास सोडायला बसलेला माणूस ताटाकडे बघतो तसे बघत होते. शेवटी निम्मी मंडळी घोडागाडीतून आणि निम्मी विजार वर खोचून स्वराज्यात दाखल झाली.

हा किल्ला महाराजांनी अगदी अखेरीला, १६८० साली बांधायला काढला आणि संभाजी महाराजांनी तो पुरा केला. त्याच्या तटाला कित्येक ठिकाणी चुना नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत. आमच्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअरने आधी नाक मुरडलं आणि मग पाच मिनिटं तो तिथेच उभा राहिला. लाट आपटते, पाणी फटीतून आत शिरतं, आणि फटीतूनच निमूट परत जातं. भांडायला आलेल्या माणसाला आत घेऊन बसवलं की त्याचा जोर जसा ओसरतो, तशातला प्रकार. आणि आत गेल्यावर आणखी एक चमत्कार म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मध्ये पिण्याचं पाणी. हे तळं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या कुलाब्यावर स्वारी केली. इंग्रजांचा सेनापती होता कमोडोर मॅथ्यूज. लढाईत त्याच्या मांडीला भाल्याची जखम झाली आणि पोर्तुगीज गडबडीने मागे सरले. तेव्हा या गृहस्थाने संतापून आपल्याच दोस्ताच्या, म्हणजे पोर्तुगीज सेनानीच्या तोंडात हातातली काठी खुपसली. पुढे पोर्तुगीजांनी कान्होजींशी परस्पर तह करून टाकला. दोन शेजाऱ्यांनी मिळून तिसऱ्याशी भांडायला जावं आणि जिन्यातच एकमेकांची गचांडी धरावी, याला फार जुनी परंपरा आहे, एवढंच मी सोसायटीचा माजी चिटणीस या नात्याने म्हणेन.

जाता जाता अलिबागविषयी. 'अलिबाग से आया है क्या?' या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. पण याच गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतली चुंबकीय वेधशाळा हलवून आणावी लागली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार आणि त्यामुळे वेधशाळेच्या सुया बिघडणार, म्हणून. म्हणजे पृथ्वीचं चित्त कुठे आहे हे मुंबईत बसून कळेनासं झालं, तेव्हा ते बघायला अलिबागला यावं लागलं. भोळसट कोण, ते वाचकांनीच ठरवावं.

रेवदंड्याचा किल्ला आम्ही 'पाहिला' तो बसमधूनच, कारण रस्ताच त्याच्या तटातून जातो. डावीकडे तट, उजवीकडे तट, मध्ये नारळी-पोफळी, आणि मार्गदर्शक मुलगा माईकवरून सांगतोय की वास्को द गामाच्या सुमारे पाव शतक आधी अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याने विकायला एक घोडा आणला होता. 'एकच?' ऑडिटरकाकांनी विचारलं. एकच. रशियाहून चौलला एक घोडा विकायला येणाऱ्या माणसाच्या जमाखर्चाचा विचार करत काका साळावच्या पुलापर्यंत गप्प होते.

कोर्लईला उतरायचं होतं, पण कुलाब्याच्या ओहोटीने घेतलेला वेळ कुठून तरी काढणं भाग होतं. तेव्हा डोंगरावरचा किल्ला खालूनच दाखवण्यात आला आणि आम्हाला शहाळी पाजण्यात आली. मला त्याचं दुःख नाही. किल्ला पोर्तुगीजांचा. त्यांनी तो १५९४ साली निजामशाहीकडून घेतला आणि १७४० च्या तहात मराठ्यांना देऊन ते निघून गेले. तोफा गेल्या, दारूगोळा गेला, फिरंगी गेले. मागे राहिली ती बोली. कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसारातून जन्मलेली आहे. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारी माणसं हजारभर. जगात दुसरीकडे कुठेही ही बोली नाही. शहाळीवाल्या बाई आमच्याशी चोख मराठी बोलल्या आणि मग वळून आपल्या मुलीला काही तरी म्हणाल्या. ते आम्हाला अर्धं कळलं आणि अर्धं नाही. 'किती गोड वाटलं कानाला,' आमची ही म्हणाली. ते बहुधा 'यांना पातळ मलईचं दे' असं असावं. पण पावणेतीनशे वर्षं राजवट नसताना टिकलेल्या भाषेत पातळ मलई मिळाली तर तक्रार कोण करील?

मुरूडला जेवणं झाली. जेवणाविषयी काही लिहीत नाही, कारण स्वखर्चाची मासळी येईपर्यंत शाकाहारी मंडळी बसमध्ये जाऊन बसलीसुद्धा होती.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो आणि मग खरी सहल सुरू झाली. आमचा माईकवाला मुलगा इथे आपणहून गप्प झाला, कारण जंजिऱ्याला तिथलाच वाटाड्या घ्यावा लागतो. हा राजपुरीचा मुसलमान चाचा, साठीच्या पुढचा. डोक्यावर जाळीची टोपी, आणि बोलणं इतकं ठसकेबाज कोकणी वळणाचं की आमच्यातल्या रत्नागिरीकर वहिनींनी त्याला लगेच गाव विचारलं. होडी हाकणारा तांडेल कोळी. दोघांचं आपसात काही तरी चाललं होतं. ते इतिहासाविषयी नसून डिझेलच्या उधारीविषयी होतं.

'जझीरा म्हणजे अरबीत बेट. त्याचा आपण केला जंजिरा,' चाचा सुरू झाला. 'पहिला किल्ला लाकडाचा. मेढेकोट. तो बांधला कोळ्यांनी, राम पाटलाने.' इथे त्याने तांडेलाकडे हात केला, जणू हाच तो. 'मग निजामशहाचा पिरमखान आला. व्यापारी म्हणून आला, गलबतात दारूची पिंपं. पाटलाला म्हणाला, रातची वस्ती करू दे. पाटलाने करू दिली. पिंपं उघडली. सगळे प्याले, आणि झोपले.' चाचाने एक क्षण थांबून आम्हा सर्वांकडे पाहिलं. 'उठले तेव्हा किल्ला दुसऱ्याचा.'

यातलं किती खरं आणि किती होडीतलं, ते अभ्यासकांनी निवडावं. पण लाकडाच्या जागी दगड आला तो सोळाव्या शतकात, आणि तिथे जे सिद्दी नांदू लागले ते मूळचे आफ्रिकेतले हबशी. त्यातले कित्येक गुलाम म्हणून या देशात आणलेल्यांचे वंशज. समुद्रापलीकडून विकत आणलेला माणूस दोन-तीन पिढ्यांत दर्यावर हुकूम चालवू लागतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मला कुणी सांगितली नव्हती. सुरुवातीला त्यांच्यात बापामागून मुलगा असाही नियम नव्हता. सरदार आपल्यातला कर्ता माणूस पाहून नेमत. हे ऐकून बसमधल्या दोन घराण्यांतले वडील आणि मुलगे एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

महाद्वाराजवळ एक शिल्प आहे. वाघासारखं जनावर, आणि त्याच्या पंज्यांत नि शेपटीत हत्ती जेरबंद. शेजारच्या हत्तीएवढ्या राज्यांना ही उघड दमदाटीच. मात्र माझी नजर खिळली ती तटाच्या भिंतीवर. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेलेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच्या तसा पुढे उभा आहे. कुलाब्याला चुन्याशिवाय दगड, आणि इथे दगडाला मागे टाकून चुना. एकाच समुद्राला दोन शहाण्यांनी दिलेली दोन उत्तरं. आणि आत पुन्हा तेच, गोड्या पाण्याची दोन मोठी तळी. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम या तोफांपुढे सगळ्यांनी फोटो काढले. तळ्यापाशी कुणी काढला नाही.

तिथेच चौथीतल्या मुलाने तो प्रश्न विचारला. सगळ्यांच्याच मनात होता, पण मोठी माणसं असले प्रश्न विचारत नाहीत.

'महाराजांना हा किल्ला का नाही जिंकता आला?'

क्षणभर सगळे तोफेकडे बघू लागले. त्याची आई म्हणाली, 'असं विचारू नये.' चाचा मात्र मुलापुढे उकिडवा बसला. 'बाळा, डोंगरी किल्ल्याला वेढा घालतात. खालून दाणा बंद, पाणी बंद. मग वरचे लोक येतात खाली. हितं पाणी आत. दाणा येतो दर्यावरून. तू दर्याला वेढा कसा घालशील?'

मुलगा विचारात पडला. मी इथे थोडी भर घालतो, कारण चाचाने पुढल्या होडीची घाई असल्यामुळे घातली नाही. १६७० च्या सुमाराला सिद्दी मोगलांच्या चाकरीत गेला. म्हणजे त्याच्यामागे सुरतेची गलबतं आणि औरंगजेबाचा पैसा उभा राहिला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये दर्याला वेढा घालायचाही प्रयत्न केला. किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून चक्क रस्ता बांधायला घेतला! तेवढ्यात मोगल फौजा कोकणात उतरल्या आणि त्यांना परतावं लागलं. मुंबईकरांनी हसू नये. याच जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६८९ साली शिवडीला उतरून माझगाव घेतलं, माहीम घेतलं, आणि इंग्रजांना वर्षभर किल्ल्यात कोंडून ठेवलं. शेवटी कंपनी सरकारने औरंगजेबापुढे हात जोडले आणि दीड लाख रुपये दंड भरला. आणि पुणेकरांनीही हसू नये. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे, सिद्दीच्या मुलखातले. सिद्दीशी बिनसलं म्हणून ते घाट चढून वर आले. ते बिनसलं नसतं तर शनिवारवाड्याच्या जागी आज काय असतं, कुणास ठाऊक. बहुधा मंगल कार्यालय.

एवढ्यात आमच्यातले एक गृहस्थ, जे सकाळपासून दर किल्ल्यावर घोषणा देत होते, जरा चढ्या आवाजात म्हणाले, 'तुम्ही सिद्दीचं फारच कौतुक करता बुवा. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?'

वातावरण एकदम बदललं. दुपारच्या उन्हात अडतीस माणसं गप्प झाली. चाचाने रुमालाने मान पुसली.

'साहेब, मी राजपुरीच्या बाजूचा,' तो म्हणाला. 'पण एक सांगा, सिद्दी हलका असता तर महाराजांनी त्याच्या तोंडासमोर दुसरा किल्ला कशाला बांधला असता?' आणि त्याने तटावरून समुद्रात बोट दाखवलं.

दूर, उन्हात थरथरताना एक काळसर पट्टी दिसत होती. तो पद्मदुर्ग. कागदावरच्या चार किल्ल्यांत त्याचं नाव नव्हतं, आणि नेहमीच्या होड्या तिथे जातही नाहीत. महाराजांनी तो मुद्दाम जंजिऱ्याच्या छातीवर उभा केला. राजपुरीला उत्तर म्हणून दुसरी राजपुरी.

त्या पद्मदुर्गाविषयी एक पत्र आहे, १६७५ सालचं. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी लिहिलेलं. पद्मदुर्गासाठी पैसा आणि धान्य द्यायचा हुकूम झाला होता. जिवाजीपंतांनी ते दिलं नाही. का दिलं नाही? उद्या देऊ, परवा देऊ, याशिवाय काही कारण दिसत नाही. तिकडे दर्यासारंग आणि दौलतखान आरमार घेऊन खोळंबलेले, किल्ल्याचं काम अडलेलं, आणि समोर सिद्दी टपलेला. महाराजांचा संताप त्या पत्रात असा उसळलाय की साडेतीनशे वर्षांनी वाचतानाही आपण खुर्चीत सरळ बसतो. हबशाने काही देऊन तुम्हाला आपला चाकर करून घेतलंय का, असं ते विचारतात. आणि ब्राह्मण म्हणून कुणी भीड धरील या भ्रमात राहू नका, असं बजावतात.

हे मी होडीत, परतताना ऑडिटरकाकांना सांगितलं. सकाळपासून ते कुठल्याच लढाईने हलले नव्हते. आता त्यांनी चष्मा काढला.

'म्हणजे मंजुरी होती?'

'होती.'

'तरतूद होती?'

'होती.'

'आणि रक्कम सुटली नाही.' त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि पद्मदुर्गाकडे असं पाहिलं, जसं आपण आजारी माणसाकडे पाहतो. 'मी पस्तीस वर्षं हेच वाचत आलो हो.'

चाचाने हे ऐकलं आणि परतीच्या वाटेवर, पैसे न घेता, आणखी एक गोष्ट सांगितली. १६७६ साली मोरोपंतांनी जंजिऱ्यावर चढाई केली तेव्हाची. लाय पाटील नावाच्या कोळ्याने आपली माणसं घेऊन काळोखात होड्या तटाखाली नेल्या आणि खरंच शिड्या लावल्या. ज्या तटाकडे नुसतं बघून आम्हाला दम लागला होता, त्याला. मागून मोरोपंतांचे लोक येऊन चढायचे होते. ते आले नाहीत. पूर्वेला फटफटायला लागलं. शिड्या काढून कोळी परत फिरले. सांगतात की महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान दिला आणि तो नको म्हणाला. समुद्रावरच्या माणसाला पालखी काय करायची? मग महाराजांनी एक गलबत बांधून त्याला दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'.

'मागचे लोक का आले नाहीत?' मुलगा म्हणाला.

'ते कुणी लिहून नाही ठेवलं,' चाचा म्हणाला. तांडेल इतका वेळ सुकाणूवर गप्प होता. तो म्हणाला, 'भरती लागली असंल.' घोषणावाले गृहस्थ धक्क्यावर उतरताना चाचाचा हात धरून उतरले. एक तर शेवाळं होतं. पण उतरल्यावरही त्यांनी तो जरा वेळ सोडला नाही, आणि खिशातून पन्नासाची नोट जास्तीची काढली. चाचाने ती तांडेलाला दिली. बहुधा डिझेलची.

काशीदला 'सूर्यास्त-दर्शन' होतं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य आपली वेळ पाळून निघून गेला होता. राजपुरीहून बस सुटताना सिद्दी नवाबांचं राज्य १९४८ साली भारतात विलीन झालं हे मार्गदर्शकाने माईकवरून सांगून टाकलं होतं आणि बसमध्ये भेंड्या सुरू झाल्या होत्या. आता बहुतेक मंडळी वाळूत बसून भजी खात होती. ऑडिटरकाका माझ्या मागे लागले होते, की त्या पत्रानंतर पैसे पोचले का, सुभेदारावर कारवाई काय झाली, पूर्तता अहवाल कुठे आहे. मी म्हटलं, 'काका, कागद एवढाच आहे.' ते त्यांना मान्य नव्हतं. 'पत्र लिहिलं म्हणजे काम झालं असं होत नाही,' ते म्हणाले आणि तणतणत पाण्याच्या कडेला गेले.

तिथे तो चौथीतला मुलगा अंधारात ओल्या वाळूचा किल्ला करत होता. बुरूज झाले होते, तट झाला होता, आता तो शिंपल्यांच्या तोफा लावत होता. काका बराच वेळ वरून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्याचा उजेड किल्ल्यावर धरला, गुडघ्याला हात लावत हळूहळू खाली बसले आणि म्हणाले, 'तोफा राहू दे. आधी मधोमध तळं खण.'